आईचा आवाज आणि लेकीचं गाणं

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या गप्पांचं हे लेखी रूप.)



दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. गटाची बैठक संपली होती, हप्त्यांच्या वह्या मिटल्या होत्या आणि चहा यायचा होता. आमच्यातल्या एका ताईंची लेक पुण्याला शिकते, ती घरी आली होती. तिने मोबाइलवर एक गाणं लावलं. गाणं इंग्रजी. आम्हाला शब्द कळेनात. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "ही बाई विहिरीत वाकून गाते का गं? आवाज कसा घुमून वर येतोय."

पोरगी हसली. म्हणाली, "काकू, अगदी बरोबर ओळखलंत. या प्रकाराचं नावच ड्रीम पॉप आहे, स्वप्नात ऐकू आल्यासारखं गाणं. आणि ही गाणारी आहे ना, तिची आई वारली. त्यानंतर तिने हा अल्बम काढला. एका जागी आईचा खरा आवाजही आहे."

चहा आला, पण कुणी कप उचलला नाही. "परत लाव," असं आम्हीच म्हणालो. त्या दिवसापासून या गायिकेची गोष्ट आमच्या डोक्यात बसली. ती समजून घेतली, आणि आज तुम्हाला सांगतो आहोत. परक्यांची गाणी रेडिओवर लावायला परवानगी लागते, म्हणून आम्ही गाणं वाजवलं नाही. पण कुणाच्या मोबाइलवर मिळालं तर जरूर ऐका.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द इंडी. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या पैशावर न चालणारे, छोट्या कंपन्यांबरोबर किंवा स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारे कलाकार. आपण घरात पापड लाटून स्वतःच्या नावाने विकतो, तसंच काहीसं. नफा कमी, धावपळ जास्त, पण पापडात काय घालायचं ते आपण ठरवतो.

दुसरा शब्द ड्रीम पॉप. आपल्या लावणीत किंवा सिनेमातल्या गाण्यात गायिकेचा आवाज पुढे असतो आणि वाद्यं मागे. शब्द न् शब्द कळायला हवा, असा हिशेब असतो. ड्रीम पॉपमध्ये आवाज वाद्यांच्या आत मिसळतात. गिटारचा सूर यंत्रातून असा घुमवतात की रिकाम्या सभामंडपात कुणी हाक मारावी आणि ती भिंतींवरून परत यावी. या घुमण्याला रिव्हर्ब म्हणतात. गायिका कधीकधी एकच ओळ दोन-तीनदा गाते आणि ते आवाज एकावर एक रचतात, गोधडीच्या थरांसारखे. ही रीत ब्रिटनमध्ये १९८० नंतरच्या दशकात रुजली. तिथल्या स्कॉटलंडचा कॉक्टो ट्विन्स हा बँड त्यासाठी नावाजला गेला. त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर अशी गायची की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही बरेचदा शब्द कळत नसत. हे ऐकून आमच्या काकूंना मोठा धीर आला!

मिशेल कोण?

आपल्या गोष्टीतल्या गायिकेचं नाव मिशेल झाउनर. तिचा जन्म १९८९ सालचा, दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये. आई कोरियन, वडील अमेरिकन. मिशेल तान्ही असतानाच कुटुंब अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या यूजीन गावी राहायला गेलं. आजूबाजूला कोरियन माणसं फार थोडी. एक वर्षाआड उन्हाळ्यात आई तिला सोलला आजोळी न्यायची. तिथे आजी, मावश्या, जेवणाची रेलचेल.

आई कडक होती. लेक पडली, खरचटलं, तर फुंकर घालण्याआधी रागवायची. तिचं प्रेम ताटात दिसायचं. कुणाला रस्सा जास्त लागतो, कुणाला तिखट चालत नाही, हे तिच्या पक्कं लक्षात असायचं आणि पुढच्या वेळी त्याप्रमाणे वाढलेलं असायचं. मैत्रिणींनो, अशा आया आपल्याला नवीन नाहीत. तोंडाने कौतुक नाही, पण डब्यात जास्तीचा लाडू.

मिशेलला गाण्याचं वेड लागलं आणि मायलेकींचं बिनसलं. हट्ट करकरून तिने एक स्वस्तातली गिटार मिळवली. ती गाणी रचू लागली, गावातल्या छोट्या कार्यक्रमांत गाऊ लागली. आईला हे पसंत नव्हतं. पोरगी कधी हा नाद सोडते याची मी वाटच बघते आहे, असं आईने तिला तोंडावर सांगितलं होतं. पुढे मिशेल फिलाडेल्फिया शहरात राहिली. पोटासाठी हॉटेलात काम करायची आणि मित्रांबरोबर बँडमध्ये गायची. २०१३ च्या जून महिन्यात तिने रोज एक गाणं रचून रेकॉर्ड करायचं असा नेम केला. त्या एकटीच्या गाण्यांसाठी तिने जॅपनीज ब्रेकफास्ट, म्हणजे जपानी न्याहारी, असं नाव घेतलं. ती स्वतः जपानी नाही, कोरियन आईची मुलगी आहे. नावामुळे अनेकांची अजूनही गफलत होते.

ते वर्ष

२०१४ साली आईच्या पोटात कॅन्सर निघाला, तोही पुढच्या टप्प्यावर पोचलेला. मिशेल पंचवीस वर्षांची होती. सगळं सोडून ती घरी आली. त्याआधी आईची धाकटी बहीण कॅन्सरनेच गेली होती. तिने केमोचे चोवीस डोस सोसले होते आणि तरीही ती वाचली नव्हती. ते जवळून पाहिलेलं असल्याने आईने आधीच सांगून ठेवलं की मी दोनदा केमो घेईन, गुण आला नाही तर थांबेन. आणि दोननंतर ती खरोखर थांबली.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. आमच्या गटात सगळ्यात जास्त चर्चा तिच्यावरच झाली. आईला अन्न जाईना. मिशेलला वाटे, आपण आईच्या आवडीचं कोरियन जेवण करून घालावं. पण तिला ते नीट येत नव्हतं. आईची एक कोरियन मैत्रीण मदतीला राहायला आली. ती तांदूळ आणि चिलगोजे वाटून मऊ पेज करायची आणि ती पेज आईला जायची. मिशेलने शिकवा म्हटलं, तर त्या बाईंनी तिला शिकवलं नाही, चुलीपाशी येऊच दिलं नाही. स्वतःच्या आईला भरवायचं आणि त्यासाठी परक्याच्या तोंडाकडे बघायचं. आमच्यातल्या दोघीतिघी हे ऐकून गप्प झाल्या. सासरी असल्यामुळे ज्यांना आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ जाता आलं नाही, त्यांना ते वेगळं सांगावं लागलं नाही.

आई बरी होणार नाही हे दिसल्यावर मिशेलने ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्याशी तीन आठवड्यांत लग्न उरकलं. मांडव घराच्याच अंगणात. आईने लेकीचं लग्न पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ती गेली.

खालच्या खोपटातला अल्बम

मिशेल काही महिने वडिलांजवळ राहिली. घराच्या आवाराच्या खालच्या टोकाला एक छोटं खोपट होतं. तिथे बसून तिने गाणी लिहिली, काही मित्र आणि नवरा साथीला. काही गाणी आधीच घरी रेकॉर्ड केलेली होती, ती नव्याने मांडली. तेव्हा तिच्या मनात काय होतं माहीत आहे? गाण्यात आपलं काही झालं नाही, आईचंच खरं होतं, एवढा एक शेवटचा अल्बम करावा आणि रीतसर नोकरी धरावी. तशी तिने न्यू यॉर्कला जाऊन एका जाहिरात कंपनीत नोकरी धरलीही.

तो अल्बम एप्रिल २०१६ मध्ये यलो के रेकॉर्ड्स या छोट्याशा कंपनीने काढला. नाव सायकोपॉम्प. हा ग्रीक शब्द आहे. मेलेल्या माणसाच्या आत्म्याला पलीकडे पोचवायला जो सोबतीला जातो, तो सायकोपॉम्प. आपल्याकडे यमदूत ओढून नेतो म्हणतात. हा ओढत नाही, वाट दाखवतो. अल्बम नऊ गाण्यांचा, सगळा मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. पीठ मळून भाकऱ्या होईपर्यंत संपतो.

त्याच्या कव्हरवर आईचा तरुणपणीचा फोटो आहे. हात पुढे केलेला, जणू फोटो पाहणाऱ्याकडेच. ज्या आईला गाण्याचा नाद नको होता, तीच लेकीच्या गाण्यांच्या दारात उभी आहे. आतमध्ये, ज्या तुकड्यावरून अल्बमला नाव पडलं, त्यात आईचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे. लेकीशी बोलणारा, धीर देणारा.

सगळी गाणी मरणाची नाहीत, हेही सांगायला हवं. काही प्रेमाची आहेत, काही धीटपणे देहाच्या ओढीची. पहिल्या गाण्यात आई गेल्यानंतरचं घर आहे, घरातली गोंधळलेली कुत्री आहे. मालकीण गेली हे त्या मुक्या जिवाला कोण समजावणार? पण चाल ऐकाल तर ती उजळ आहे, पुढे धावणारी आहे. आम्हाला आधी हे खटकलं. दुःखाचं गाणं असं कसं? मग एक ताई म्हणाल्या, "अगं, माझी आई गेली त्या आठवड्यात बाहेर लग्नाचा बँड वाजत होता. आत माझं रडणं, बाहेर ताशा. दोन्ही एकाच वेळी चालतं." ताईंच्या या बोलण्यावर आम्ही पुढे काही जोडलं नाही. आणि तो घुमणारा आवाज इथे का शोभतो, तेही तेव्हा कळलं. गेलेल्या माणसाचा आवाज आठवतो तो तसाच, धड जवळही नाही आणि धड लांबही नाही.

एका गाण्याचा व्हिडिओ आहे. त्यात मिशेलने आईच्या लग्नातला हानबोक घातला आहे. हानबोक म्हणजे कोरियन लोकांचा पारंपरिक पोशाख. तो घालून ती रात्रभर शहरात भटकते, दारू पिते, मोटरसायकलवर बसते. आमच्याकडे यावर दोन तट पडले. एक म्हणाला, आईच्या शालूचा मान ठेवायला हवा. दुसरा म्हणाला, पेटीत कसर लागण्यापेक्षा अंगावर घातला हे चांगलं केलं. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

लोकांनी तो कसा घेतला?

शेवटचा म्हणून केलेला अल्बम तिचा खरा पहिला ठरला. संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्याची दखल घेतली. एवढं दुःख आणि तरी एवढी उजळ गाणी, हेच त्यांना विशेष वाटलं. त्याच वर्षी डेड ओशन्स या थोड्या मोठ्या स्वतंत्र कंपनीने तो अल्बम पुन्हा काढला. दौऱ्यांची बोलावणी आली. मिशेलने नोकरी सोडली. नवरा पुढे तिच्याच बँडमध्ये गिटार वाजवू लागला. कार्यक्रम संपले की अनोळखी माणसं तिच्याजवळ येत आणि आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलत.

दौरा करत करत ती सोलला, आईच्या शहरात पोचली. कार्यक्रमाला मावशी आली होती. तिथल्या तरुण पोरापोरींनी तबकड्या विकत घेतल्या आणि कव्हरवरचा आईचा चेहरा हातात घेऊन ती मुलं सोलच्या रस्त्यांवरून घरोघरी गेली. आई तिच्या गावी अशी परत गेली.

२०१७ मध्ये दुसरा अल्बम आला, त्यातही दुःखाची छाया होती. मग २०१८ मध्ये द न्यू यॉर्कर या साप्ताहिकासाठी तिने एक लेख लिहिला. एच मार्ट नावाची अमेरिकेत कोरियन किराण्याची दुकानं आहेत. आई गेल्यापासून तिथे गेलं की आपल्याला रडू येतं, आता कोणता जिन्नस घ्यायचा ते विचारायला कुणी उरलं नाही, अशा आशयाचा तो लेख. त्यातूनच २०२१ मध्ये क्राइंग इन एच मार्ट हे पुस्तक झालं. अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत ते वर्षभराहून अधिक काळ राहिलं. त्याच वर्षी तिचा जुबिली हा तिसरा अल्बम आला. जुबिली म्हणजे आनंदसोहळा. इतकी वर्षं दुःखावर लिहिलं, आता आनंदावर लिहायचं, असं तिने ठरवूनच केलं होतं. त्या वेळी ग्रॅमी या मोठ्या पुरस्कारासाठी तिला दोन नामांकनं मिळाली. पुरस्कार मिळाला नाही, पण छोट्या खोपटातून निघालेली वाट तिथवर गेली.

आणि ती पेज? आई गेल्यानंतर मिशेल इंटरनेटवर एका कोरियन बाईचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून शिकली. चिलगोज्यांची पेज शिकली, कोबी आंबवून करतात ती किमची शिकली. आईला भरवता आली नाही, पण हाताला आली.

आमच्यातला वाद

आता खरी गोष्ट. आमच्यातल्या एक जुन्या मावशी हे सगळं ऐकून म्हणाल्या, "आईचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडायचं? त्यावर नाव कमवायचं? मेलेल्या माणसाला कुणी विचारलं?"

प्रश्न खोटा नाही. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. आईला विचारता आलं नाही हे खरंच आहे. पण आम्हाला असं दिसलं की मिशेलने आईची देवी केली नाही. आईचा राग, तिचे टोमणे, मायलेकींची भांडणं, सगळं तिने पुस्तकात लिहिलं आहे, आणि स्वतःच्या चुकाही लपवल्या नाहीत. आईला खोटं केलं नाही, म्हणून आम्हाला ते चव्हाट्यावर मांडणं वाटलं नाही. शिवाय गाणी केली तेव्हा नाव होईल असं तिला वाटलंच नव्हतं.

दुसरी एक जण म्हणाली, "आपल्या आज्या जात्यावर बसून आईबापाच्या, माहेराच्या ओव्या म्हणायच्या. शेजारणीला ऐकू जायचं. तेव्हा कुणी चव्हाटा म्हटलं नाही." मावशी यावर हसल्या. पूर्ण पटलं नाही म्हणाल्या. पण पुढच्या बैठकीला येताना त्यांनी आईच्या हातची चटणी करून आणली आणि कशी करायची ते सगळ्यांना सांगितलं. तीस वर्षांत हे पहिल्यांदा.

आम्हाला या गोष्टीतून एवढं कळलं की दुःख मोघम सांगितलं तर ते कुणाचंच होत नाही. मिशेलने स्वतःच्या घरातली कुत्री, स्वतःच्या आईचा फोटो, स्वतःच्या आईचा आवाज मांडला, म्हणून ते सातासमुद्रापलीकडे आमच्या ओसरीवर पोचलं.

आपण काय करू शकतो?

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मोबाइलमध्ये आईचा आवाज होता. "जेवलीस का गं?" एवढंच. मोबाइल बिघडला, दुरुस्त होऊन आला आणि आवाज पुसला गेलेला. ताई आजही ते सांगताना थांबतात. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

१. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, तिच्या मर्जीने, तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोठं भाषण नको. एखादी ओवी, एखादी आठवण, नाहीतर नुसतं पिठलं कसं करायचं ते. शांत वेळी करा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. मोबाइल तिच्यापासून हातभर अंतरावर असू द्या.

२. कुणाचा आवाज आणि कोणती तारीख, ते सुरुवातीलाच बोलून घ्या. दहा वर्षांनी हेच कामी येतं.

३. एकाच ठिकाणी ठेवू नका. मेमरी कार्डावर एक प्रत घ्या, एक प्रत बहिणीला किंवा भावाला पाठवा. मोबाइल दुरुस्तीला देण्याआधी सगळं दुसरीकडे उतरवा.

४. आईच्या हातचा जो पदार्थ तुम्हाला येत नाही, तो तिच्या शेजारी बसून एकदा करा. "अंदाजाने घाल" असं ती म्हणेल. तिच्या मुठीत किती मावतं ते वाटीने मोजून लिहून ठेवा. आणि कुणाची लेक शिकायला आली, तर तिला चुलीपाशी बसू द्या.

गटात बोलण्यासाठी प्रश्न

• तुमच्या घरात गेलेल्या कुणाचा आवाज तुमच्याकडे जपलेला आहे का? नसेल तर त्यांचं कोणतं बोलणं कानात आहे?

• आईला किंवा सासूला पसंत नव्हतं, तरी तुम्ही धरून ठेवलं, असं काही आहे का? पुढे काय झालं?

• घरातलं दुःख बाहेर सांगावं की सांगू नये? कुठपर्यंत?

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा, किंवा मोबाइलवर बोलून पाठवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या परवानगीने आम्ही ते वाचू आणि ऐकवू. आणि आजच आईला एक फोन लावा. बोलायला काही नसलं तरी चालेल.